आई-बाबांना लोअर परळच्या भारी रेस्टॉरंटमध्ये नेलं, आणि मन खट्टू झालं. तुमचे अनुभव सांगा

अबोली
१९ मे २०२५, रात्री १०:१२

शनिवारी आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. दरवर्षी घरीच पुरणपोळी होते. यंदा मी आणि नवऱ्याने ठरवलं की दोघांना एखाद्या खऱ्याखुऱ्या भारी ठिकाणी जेवायला न्यायचं. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात एक रेस्टॉरंट आहे. नाव लिहीत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाही. कोकणी पदार्थ नव्या पद्धतीने करतात असं ऐकलं होतं. आम्ही मूळचे कुडाळकडचे, म्हणून तेच निवडलं. तीन आठवडे आधी टेबल राखून ठेवलं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. नारळाच्या दुधातला बांगडा आला, तिरफळ घातलेला. आईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "हे कुणीतरी शिकून केलेलं आहे." आमसुलाचं एक थंडगार सार होतं, ते बाबांनी दोनदा मागवलं.

आता बाकीचं. टेबल मिळालं स्वच्छतागृहाच्या वाटेवर. खुर्च्या इतक्या उंच की आईचे पाय अधांतरी. उजेड एवढा कमी की बाबांना काही वाचता येईना. मेनू फोनवर, क्यूआर कोडने उघडायचा, आणि संपूर्ण इंग्रजीत. आवाज तर इतका की आई समोर बसून काय बोलते ते बाबांना कळत नव्हतं. दहाला पाच मिनिटं असताना एक मुलगी येऊन म्हणाली, पुढची मंडळी आली आहेत, टेबल मोकळं करावं लागेल. आईचं गोड खाऊन व्हायचं होतं.

पण मला लागलं ते वेगळंच. बाबा १९७८ पासून १९८२ च्या गिरणी संपापर्यंत त्याच आवारात बदली कामगार होते, म्हणजे कुणी गैरहजर असलं की त्याच्या जागी लागायचे. आजोबा तिथेच साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. वाढणारा मुलगा आम्हाला सांगू लागला की ही शंभर वर्षं जुनी 'इंडस्ट्रियल स्पेस' आहे, खांब मूळचे आहेत. बाबांचा चेहरा फुलला. ते म्हणाले, "अरे, मी इथे..." आणि तेवढ्यात तो मुलगा पुढच्या टेबलाकडे गेला. बाबांनी वाक्य तिथेच सोडलं. घरी येईपर्यंत गप्प होते.

बिल १०,८५७ रुपये. पैशांचं दुःख नाही, त्यासाठी साठवले होते. मला विचारायचंय ते हे, की मी त्यांना तिथे नेलं हे चुकलं का? तुमच्यापैकी कुणी वयस्क माणसांना अशा ठिकाणी नेलंय का? कसा अनुभव आला?

पोटोबा
१९ मे, रात्री १०:३१

अजिबात चुकलं नाही. काका-काकूंना चाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! बांगड्याचं वर्णन वाचून भूक लागली.

सई_पुणे
१९ मे, रात्री १०:५०

मी उलट अनुभव सांगते. पुण्यात कोरेगाव पार्कला अशाच एका महागड्या ठिकाणी सासूबाईंना नेलं होतं. त्या दिवशी त्यांची संकष्टी होती हे मी साफ विसरले. चंद्रोदय साडेनऊनंतर, आणि मेनूवर उपास सोडण्यासारखं एकही पान नाही. मी कॅप्टनला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला, चाचरत विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पंधरा मिनिटं द्या." चंद्र दिसल्यावर त्याने साधं वरण, भात, वर तूप आणि लिंबाची फोड आणून ठेवली. बिलात त्याचे पैसे नव्हते. सासूबाई त्या जागेचं नाव अजून काढतात. तेव्हा अबोली, जागा भारी असली म्हणून माणसं तुटक असतात असं नाही.

मनमोकळा
१९ मे, रात्री ११:०५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. चार माणसांच्या जेवणाला जवळपास अकरा हजार ही उधळपट्टी आहे. तेवढ्यात घरी पन्नास माणसांचं केळवण होतं. अशा जागा आपल्यासाठी नसतातच. तिथे जाऊन मग आपुलकी मिळाली नाही म्हणणं बरोबर वाटत नाही.

अबोली
१९ मे, रात्री ११:१४

@मनमोकळा, 'आपल्यासाठी नसतात' हेच मला मान्य नाही. त्या जमिनीवर माझ्या घरातल्या दोन पिढ्यांनी घाम गाळलाय. माझे बाबा तिथे पाहुणे म्हणूनसुद्धा नको असतील तर मग कोण हवंय?

गिरणगावकर
२० मे, सकाळी ७:४०

अबोलीताई, तुमचा हा शेवटचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. माझे वडील करी रोडच्या एका गिरणीत थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूतकताईत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या चाळीत त्या वर्षी कुणाच्या घरी गणपतीत नवा कपडा आला नाही.

नंतर १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले. एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त रिकाम्या जमिनीला लागू झाले, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. आणि गिरणीत रिकामी जमीन ती किती असणार? म्हणून आज तिथे काचेचे टॉवर आणि रेस्टॉरंटं दिसतात.

हे वाढणाऱ्या मुलाला कुणी सांगितलेलं नसणार. त्याला 'इंडस्ट्रियल स्पेस' हे दोन शब्द पाठ करून दिलेत.

एक विचारू का? छप्पर कसं आहे? करवतीच्या दात्यांसारखं आहे का?

अबोली
२० मे, सकाळी ८:०२

हो! अगदी तसंच. मध्ये तिरक्या काचा आहेत. रात्री सगळं काळं दिसत होतं.

गिरणगावकर
२० मे, सकाळी ८:२०

मग ते साचेखातंच. त्या तिरक्या काचा मुद्दाम उत्तरेकडे तोंड करून बसवत. दिवसभर सारखा उजेड आत येतो, पण ऊन थेट पडत नाही, सावल्या पडत नाहीत. साच्यावर तुटलेला धागा दिसायला हवा ना, त्यासाठी. अशा जागेत रात्री मेणबत्त्या लावून माणसांना चाचपडायला लावायचं, हे मला पटत नाही. बाबांना दुपारी न्या.

खमंग_काकू
२० मे, सकाळी ११:३०

मी जेवणाबद्दल बोलते, तेच मला कळतं. तिरफळ अख्खी होती की फोडलेली? तिरफळाचं काळं बी काढून टाकायचं असतं, चव सगळी सालीत. एका मोठ्या हॉटेलात माझ्या ताटात बीसकट आली होती, दाताखाली करकरली. वाढणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, ती मिरी आहे." मी त्याला तिथेच एक फळ उघडून दाखवलं. बिचाऱ्याने नीट ऐकून घेतलं.

दुसरं, 'आजचा ताजा मासा'. जुलैत एका ठिकाणी फळ्यावर 'आजची ताजी सुरमई' लिहिलं होतं. १ जूनपासून जुलै संपेपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, मासे अंडी घालतात म्हणून. मग ती सुरमई आज कुठून आली? बर्फातली आहे असं सरळ लिहावं, आम्ही खाऊच. खोटं का सांगायचं?

आणि भाकरी कशी होती?

अबोली
२० मे, सकाळी ११:४४

काकू, तिरफळ सोललेली होती, बी नव्हतं. भाकरी तांदळाची, तळहाताएवढी, पण कडेने चिरलेली आणि जाड. आईने अर्धी तशीच ठेवली.

थाळीवाला_कॅप्टन
२० मे, दुपारी ३:५०

नेहमी नुसता वाचत असतो, आज लिहितो. मी अकरा वर्षं या धंद्यात आहे. आधी स्टुअर्ड म्हणजे वाढणारा, आता कॅप्टन. आत्ता ब्रेक शिफ्टमधला ब्रेक चालू आहे. सकाळी अकरा ते साडेतीन, मग सहा ते रात्री एक.

अबोलीताई, तुमच्यावर जे ओढवलं त्यातलं प्रत्येक आतून कसं होतं ते सांगतो. समर्थन करत नाही.

शनिवारी रात्री एक टेबल दोनदा लावायचं असतं. त्याला आम्ही 'टर्न करणं' म्हणतो. आठचं एक बुकिंग, सव्वादहाचं दुसरं. लोअर परळचं भाडं एका फेरीत निघत नाही. पण हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं, 'दोन तासांसाठी टेबल आहे' म्हणून. गोड खाणाऱ्या माणसाला उठवणं ही चूकच. माझ्या हाताखालच्या मुलाने असं केलं तर मी पाहुण्यांना दुसरीकडे बसवून कॉफी देतो.

चौघांसाठी जे टेबल उरलेलं असतं तेच मिळतं. मात्र फोनवर 'सोबत वयस्क आहेत, कमी उंचीच्या खुर्च्यांचं टेबल द्या' एवढं सांगितलंत तर ते बुकिंगच्या वहीत लिहिलं जातं आणि संध्याकाळच्या ब्रीफिंगमध्ये वाचलंही जातं.

छापील मेनू बहुतेक ठिकाणी ड्रॉवरमध्ये असतो. मागा. आम्ही टॉर्चही आणून देतो.

आणि तो मुलगा. त्याच्याकडे त्या रात्री सहा-सात टेबलं असतील. किचनमध्ये केओटी म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या लागलेल्या, पासवर, म्हणजे किचनमधून ताटं उचलायच्या ओट्यावर, ताट थंड होतंय, शेफ ओरडतोय. तो बाबांचं वाक्य टाळून गेला नसणार, त्याला ते ऐकूच आलं नसणार. तरी मला वाचून वाईट वाटलं. असं वाक्य माझ्याकडूनही कधीतरी निसटलं असेल.

@सई_पुणे, ते वरण-भात कुठून आलं माहीत आहे? स्टाफचं जेवण. आम्ही संध्याकाळी साडेपाचला जेवतो, तेव्हाचं राखून ठेवलेलं असतं. तुमच्या सासूबाईंना कुणीतरी आपल्या ताटातलं दिलं.

सई_पुणे
२० मे, दुपारी ४:०५

हे मला माहीत नव्हतं. आज सासूबाईंना सांगते.

नादब्रह्म
२० मे, संध्याकाळी ६:१५

मी वास्तुरचनाकार आहे, सभागृहांचं ध्वनिकाम करतो. आवाजाबद्दल लिहितो, कारण लोक ते स्वतःच्या कानांचा दोष समजून गप्प बसतात.

काँक्रीटची जमीन, उघड्या विटा, काच, लोखंड. या सगळ्यावरून आवाज परत फिरतो. पूर्वी हॉटेलात गालिचा, पडदे, टेबलावर कापड असायचं, ते आवाज शोषून घ्यायचं. आता ते जुनाट दिसतं म्हणून काढलं. मग काय होतं, एका टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाच्या गलक्यावर मात करायला आवाज चढवतो, ते ऐकून तिसरा चढवतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो हे एत्येन लोम्बार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिलं होतं. त्यात वरून संगीत.

वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. म्हणजे स, श, त यांसारखी व्यंजनं. बोलणं कानावर पडतं पण शब्द सुटे होत नाहीत. बाबांचं तेच झालं असणार. उपाय महाग नाही. टेबलांच्या खालच्या बाजूला आणि छताच्या तुळयांमध्ये शोषक पट्ट्या लावल्या तरी पुष्कळ फरक पडतो, आणि दिसतही नाहीत. तुम्ही व्यवस्थापकाला लिहिणार असाल तर हे जरूर लिहा.

अबोली
२० मे, संध्याकाळी ६:४०

आजोबांना साचेखात्यामुळेच ऐकू कमी यायचं. घरी ते हातवारे करून बोलायचे. त्याच जागेत आता आवाजाने बोलता येत नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं.

दक्ष_नागरिक
२० मे, रात्री ८:००

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. आत गेल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघून घ्या. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत १४ जण गेले. मी तेव्हापासून जिना बघितल्याशिवाय बसत नाही.

हिशोबनीस
२० मे, रात्री ८:२५

अबोली, बिलाची फोड सांगाल का? १०,८५७ हा आकडा बघून शंका येतेय.

अबोली
२० मे, रात्री ८:३३

जेवण ९,४००. सर्व्हिस चार्ज दहा टक्के, ९४०. त्यावर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी प्रत्येकी २५८.५०.

हिशोबनीस
२० मे, रात्री ८:५८

वाटलंच होतं. सर्व्हिस चार्ज हा कर नाही, हॉटेलची स्वतःची आकारणी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलांच्या संघटना न्यायालयात गेल्या, सूचनांना स्थगिती मिळाली. या वर्षी २८ मार्चला दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला. सूचना योग्य आहेत, सर्व्हिस चार्जची सक्ती करता येणार नाही.

शिवाय जीएसटी त्या ९४० वरही लागला. चार्ज नसता तर ९,४०० वर पाच टक्के म्हणजे ४७०, एकूण ९,८७०. तुम्ही ९८७ रुपये जास्त दिलेत. जागेवरच 'काढून टाका' म्हणायचं. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पोटोबा
२० मे, रात्री ९:१०

आणि पाण्याची बाटली? वीसची बाटली दोनशेला देतात, छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे ना?

हिशोबनीस
२० मे, रात्री ९:२२

तिथे मात्र कायदा हॉटेलच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बाटली नुसती विकत नाहीत, जागा आणि सेवा यांच्यासह देतात, म्हणून छापील किमतीचं बंधन नाही. तुम्ही साधं पाणी मागा. मागायला संकोच करू नका.

थेम्सकाठची_मंजू
२० मे, रात्री ११:४५

लंडनहून. इकडे बिलात साडेबारा टक्के लावतात, पण शेजारी 'ऐच्छिक' असं छापलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आलाय की टीप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णच्या पूर्ण कामगारांना मिळाला पाहिजे, मालकाला त्यातलं काही ठेवता येत नाही. म्हणून मी इथे तो न कुरकुरता देते. भारतात तो पैसा कुणाकडे जातो?

थाळीवाला_कॅप्टन
२१ मे, रात्री १:३०

आत्ता शिफ्ट संपली. मंजूताई, जागेवर अवलंबून आहे. मी जिथे होतो त्यातल्या एका ठिकाणी पॉइंट असायचे. भांडी घासणाऱ्याचे कमी, कॅप्टनचे जास्त, आणि महिन्याच्या शेवटी सगळा चार्ज त्या हिशेबाने वाटायचे. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला त्यातलं काही दिसलंच नाही, फुटलेल्या ग्लासचे पैसेसुद्धा त्यातून वळते करायचे. म्हणून मी पाहुण्यांना सांगतो, विचारा. सेवा आवडली तर चार्ज काढून घ्या आणि हातात द्या. हातात दिलेली टीप रात्रीच वाटली जाते, भांड्यांवरच्या मावशीपर्यंत पोचते.

मनमोकळा
२१ मे, सकाळी ९:१५

परवा माझं लिहिणं कठोर झालं, अबोली. 'आपल्यासाठी नसतात' हे मी मागे घेतो. पैशांबद्दल मात्र अजून तेच वाटतं. माझी आजी गिरणगावात खानावळ चालवायची, दोन वेळा मिळून बारा-पंधरा कामगारांचे डबे. संपात कुणाकडे पैसे नव्हते तेव्हाही तिने ताटं बंद केली नाहीत. कुणाला मच्छी नको, कुणाला भाकरी मऊ हवी, हे तिला पाठ होतं. त्यामुळे जेवण म्हटलं की माझ्या मनात तेच येतं.

गिरणगावकर
२१ मे, सकाळी ९:५०

@मनमोकळा, अशा खानावळ चालवणाऱ्या बायकांसाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तुमच्या आजीला त्याबद्दल काही माहीत होतं का? असेल तर वेगळा धागा काढा, मी वाचायला येईन.

खमंग_काकू
२१ मे, सकाळी १०:३०

आजीबद्दल नक्की लिहा. आणि अबोली, पुढे काय केलंस ते कळव.

अबोली
८ जून २०२५, रात्री ९:२०

कळवायला उशीर झाला. तुमचं सगळं वाचून व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. तक्रार कमी, माहिती जास्त. उजेड, खुर्च्या, आवाज (@नादब्रह्म यांचे मुद्दे जसेच्या तसे), टेबलाची वेळ, आणि बाबांचं अर्धं राहिलेलं वाक्य. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. फुकट जेवणाचं आमंत्रण होतं, ते मी नाकारलं. दुपारचं टेबल मागितलं, काचांखालचं, साध्या खुर्च्यांचं.

आज आम्ही चौघे साडेबाराला गेलो. @गिरणगावकर, तुम्ही म्हणालात तसाच उजेड. ढगाळ असूनही पांढराशुभ्र, कुठेही सावली नाही. छापील मेनू मागितला, मिळाला. बाबांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि आईसाठी स्वतः ऑर्डर दिली. संगीत हळू होतं. टेबलं निम्मी रिकामी होती म्हणूनही असेल.

तो मुलगा आज नव्हता, त्याला सुट्टी होती. मला तो असायला हवा होता. त्याच्या जागी उत्तराखंडची एक मुलगी होती, हिंदीत बोलत होती. जेवण झाल्यावर बाबा उठले, बिडाच्या खांबांच्या रांगेतून चालत गेले आणि तिसऱ्या खांबाशी थांबले. त्यांनी तिला हाताने दाखवलं, आजोबांचे साचे इथून इथपर्यंत होते, भोंगा झाला की त्या दाराने आत यायचं. तिने विचारलं, एक माणूस किती साचे बघायचा? बाबा म्हणाले, "चार." मग दहा मिनिटं तिला धागा कसा सांधायचा ते दाखवत होते, हातात काही नसताना.

सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला, काढला. तेवढी रक्कम बाबांनी स्वतः तिच्या हातात दिली.

@मनमोकळा, तुमच्या आजीच्या धाग्याची वाट बघतेय.

काकू, भाकरी आजही चिरलेलीच होती. आईने या वेळी किचनमध्ये निरोप पाठवला.

खमंग_काकू
८ जून, रात्री ९:४१

बरं केलं. तांदळाचं पीठ असेल तर उकड कमी मळली असणार. पाणी खळखळ उकळल्यावर पीठ घालून झाकण ठेवायचं, वाफ मुरू द्यायची, आणि गरम असतानाच हाताला पाणी लावून मळायचं. थंड झाल्यावर मळली की कडा चिरतातच. आईला म्हणावं, पुढच्या वेळी निरोप पाठवू नको, आत जाऊन दाखवून ये.